खोट्या पायऱ्या

केंद्रात तिला सगळे चाळणीबाई म्हणत, अगदी तोंडावर म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. एकेकाळी तर चांगलंच वाटायचं. पण हे नाव पडायच्या आधी ती साधी सुरक्षा तपासनीस होती, आणि तिचा दादा आपली आठ वर्षं फुकट गेली असं धरून बसला होता. सगळं सुरू झालं ते तिथून.

दादा एका लहान कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. वडील गेले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि ती नऊ. आई दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली, त्यामुळे हिचा अभ्यास दादाच्याच गळ्यात पडला. त्याने तिला गणित शिकवलं ते भांडून. उत्तर चुकलं की विचारायचा, "कशावरून?" आणि उत्तर बरोबर आलं तरी विचारायचा, "कशावरून?" ती रडकुंडीला यायची, वही आपटायची, आणि दहा मिनिटांनी परत तीच वही घेऊन त्याच्यासमोर बसायची. पुढे ती संगणकाच्या सुरक्षेच्या कामात शिरली. एवढा संशय घ्यायला कुणी शिकवलं असं कुणी विचारलं, तर ती दादाकडे बोट दाखवायची.

त्या आठ वर्षांत दादा एका मांडणीच्या मागे लागला होता. एखाद्या रेणूत किती ऊर्जा आहे हे क्वांटम संगणकावर काढायचं तर चारशे-साडेचारशे पायऱ्या चढाव्या लागतात, आणि यंत्र इतकं नाजूक की शंभराच्या पुढे उत्तर बिघडायला लागतं. दादाचं म्हणणं होतं, पायऱ्या नीट मांडल्या तर नव्वदात काम होतं. कॉलेजच्या साध्या संगणकावर लहान रेणूंसाठी ते जमतही होतं. मोठ्या रेणूंसाठी मात्र खरं यंत्र हवं होतं, आणि ते बहीण नोकरीला होती त्या केंद्रात होतं.

केंद्राच्या तळघरात छताला टांगलेलं ते एक पांढरं पिंप. माणसापेक्षा हातभर उंच, आत भयंकर थंडी, बाजूला पंपांची अखंड धपधप. सगळे त्याला पिंपच म्हणत. पिंपाच्या पोटात नखाएवढा एक तुकडा आणि त्यावर दीडशेच्या आसपास क्यूबिट, म्हणजे आकडेमोड करणारे इवलेसे घटक. असं यंत्र एकट्याने घेणं कुठल्याच कॉलेजच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून ते वाटून वापरायचं. एकाच वेळी चार-पाच जणांचे प्रोग्रॅम त्याच तुकड्यावर, ज्याच्या त्याच्या वाट्याच्या क्यूबिटांवर चालत. केंद्रातले लोक त्यांना भाडेकरू म्हणत. दादा सर्वांत लहान भाडेकरू होता, आठवड्यातून एकदा तासभर.

आणि दर आठवड्याला त्याची उत्तरं चुकत होती.

एका रविवारी सकाळी ती दादाकडे गेली तर जेवणाच्या टेबलावर कागदांचा ढीग आणि दादा खिडकीबाहेर बघत बसलेला. वहिनी ओट्याशी शेंगा सोलत होत्या.

"चुकलंय माझं," दादा म्हणाला. "मुळातच चुकलंय. लेखही परत आला. परीक्षक म्हणतात, लेखकाने आधी आपली आकडेमोड तपासावी."

"कशावरून चुकलंय?" तिने विचारलं.

दादाला हसू आलं नाही. वहिनी मात्र वळल्या. "हे मी रोज विचारते. पण मला रसायन कळत नाही ना, म्हणून माझं कोण ऐकतं! दोन महिने झाले, हा माणूस जेवताना ताटाकडे बघत नाही."

तिने कागद ओढले. लहान रेणूचं उत्तरही चुकलेलं, जे कॉलेजच्या संगणकावर अचूक यायचं. तिथे तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. तिने दादाच्या सगळ्या तारखा आणि वेळा एका कागदावर उतरवून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ती तो कागद घेऊन तळघरात वैद्याकडे गेली. वैद्य म्हणजे पिंपाची रोज सकाळी तब्येत तपासून त्याचे सूर जुळवणारा तंत्रज्ञ. पंपावर हात ठेवून नाडी बघितल्यासारखा उभा राहायचा, म्हणून वैद्य. दोघांनी त्या वेळांना शेजारच्या वाट्यावर काय चाललं होतं ते काढलं. शेजारी एका कंपनीचा प्रोग्रॅम होता आणि तो एक वेडगळ काम करत होता. दोन क्यूबिटांवर एक क्रिया करायची, लगेच ती उलटवायची, परत करायची, परत उलटवायची, हजारो वेळा. शेवटी हाती शून्य.

"याला काही अर्थच नाही," ती म्हणाली.

"अर्थ त्यांच्यापुरता नाहीये," वैद्य म्हणाला. "वरच्या मजल्यावर दिवसभर कुणी खाट सरकवत बसलं तर त्याचं काय बिघडतं? झोप खालच्याची जाते. या तुकड्यावर भिंती नाहीत, ताई. शेजारच्याचा हादरा शेजाऱ्याला बसतोच."

"आणि हे फक्त दादा असतानाच?"

वैद्याने यादी खाली-वर केली. "शेजारी कुणीही असलं की. दादा लहान पडले, त्यांना जास्त लागलं."

कंपनीला विचारलं तर त्यांनी हात वर केले. आमची चाचणी चालली होती म्हणे. कुणाच्या भाड्याच्या खोलीत किती हादरा पोहोचतो याची चाचणी ते कशासाठी करत होते, हे त्यांनी सांगितलं नाही आणि केंद्राने फार विचारलंही नाही. त्यांचं खातं बंद झालं, एवढंच. तिने दादाला फोन करून सांगितलं. मग वहिनी फोनवर आल्या आणि म्हणाल्या, "रडतोय गं. चांगलं रडतोय. काळजी करू नकोस."

त्याच आठवड्यात ती मोठ्या साहेबांकडे गेली. साहेब केंद्राचे संचालक. बोलायला मऊ, हातात नेहमी चष्मा पुसायचं फडकं. तिने दोन उपाय लिहून नेले होते. पहिला सोपा होता. दोन भाडेकरूंच्या मध्ये क्यूबिटांची एक रांग रिकामी ठेवायची, म्हणजे हादरा तिथेच विरेल. दुसरा, प्रत्येक प्रोग्रॅम पिंपात जाण्याआधी उघडून बघायचा आणि करा-उलटवा असला उद्योग दिसला तर दारातूनच परत पाठवायचा.

"रिकामी रांग म्हणजे पाचवा हिस्सा यंत्र बसून राहणार," साहेब म्हणाले. "ते जमायचं नाही, बाई. वर काय सांगू मी? पण तुमची ती चाळणी मला फार आवडली."

"साहेब, दोन्ही हवेत. चाळणी एकटी पुरणार नाही. आणि चाळणीत प्रत्येकाचा प्रोग्रॅम उघडा पडतो. लोकांची वर्षांची मेहनत असते त्यात."

"मग माणसाने बघायचंच नाही. यंत्र बघेल."

"आणि बघितलं की पुसून टाकेल," ती म्हणाली. "तसंच लिहिणार आहे मी. वाचा, तपासा, पुसा."

साहेबांनी मान हलवली. महिनाभराने तिचा मसुदा त्यांच्या कार्यालयातून परत आला तेव्हा 'पुसा' खोडलेलं होतं. त्या जागी होतं, प्रत्येक प्रोग्रॅमची प्रत नव्वद दिवस ठेवावी, वाद झाल्यास पुरावा म्हणून; तसेच सेवा सुधारण्यासाठी ती पाहता यावी. शेवटच्या वाक्याशी तिचं पेन थांबलं. सेवा सुधारणं म्हणजे काय, असं तिने समासात लिहिलंही. मग तो प्रश्न दिसू नये म्हणून तिने तेवढं पान बदललं. चाळणी लवकर लागायला हवी होती. दुसरी एखादी कंपनी उद्या असलंच काही करेल ही धास्ती होती. शिवाय त्याच कागदावर तिला सुरक्षा विभागाची प्रमुख नेमलं होतं, हेही खरंच. तिने सही केली. जबाबदार अधिकारी म्हणून चाळणीचं खातंही तिच्याच नावे निघालं. आठ दिवसांनी साहेबांच्या कार्यालयाने त्या खात्याचा परवलीचा शब्द मागितला, तुम्ही आजारी पडलात तर कुणाकडे तरी असावा म्हणून. तिने बंद पाकिटात घालून दिला.

चाळणी पहिल्या दिवसापासून उत्तम चालली. पहिल्याच महिन्यात तिने तीन उपद्रवी प्रोग्रॅम दारात अडवले. वैद्याने तिला चाळणीबाई हे नाव तेव्हाच ठेवलं.

आणि चौथा प्रोग्रॅम जो अडवला, तो दादाचा होता.

"तुझी चाळणी मला चोर म्हणते," दादा फोनवर म्हणाला. आवाजात थट्टा होती, पण थोडी दुखावलेली.

ती संध्याकाळी त्याच्याकडे गेली. दादाने सगळं उलगडून दाखवलं तेव्हा तिला कळलं की हा माणूस पहिल्यापासून आपली मांडणी झाकून पाठवत होता. नव्वद खऱ्या पायऱ्यांच्या मध्ये त्याने साठ-सत्तर खोट्या पायऱ्या पेरल्या होत्या. एक क्रिया, थोड्या अंतराने तिची उलट. उत्तरावर परिणाम शून्य, पण बाहेरच्याने प्रोग्रॅम पाहिला तर खरी वाट कोणती आणि फसवी कोणती हे त्याला सापडू नये. आणि करा-उलटवा दिसलं की अडवायचं, हेच तर तिने चाळणीला शिकवलं होतं.

"हे तुला कुणी सुचवलं?" तिने विचारलं.

"कुणी कशाला सुचवायला हवं? परक्याच्या घरात आपली वही ठेवायची तर कुणीही झाकूनच ठेवेल."

"दादा, याच्यामुळे तुझी उत्तरंही खराब होतात. नव्वदाच्या दीडशे पायऱ्या होतात. काढून टाक त्या."

"आणि कुणी बघितलं तर?"

"कोण बघणार? चाळणी माझी आहे. मी लिहिली आहे. तिथे माणूस बघतच नाही."

दादाने तिच्याकडे पाहिलं. तो आता विचारणार, कशावरून, असं तिला वाटलं. तिच्याकडे उत्तर तयारही होतं. पण नव्वद दिवसांच्या प्रतीचं सांगावं की सांगू नये हे मात्र ठरलेलं नव्हतं. दादाने विचारलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने विचारलं नाही. "तू म्हणतेस तर काढतो," एवढंच म्हणाला आणि त्याच टेबलावर बसून एकेक खोटी पायरी खोडत गेला. ती शेजारी बसून मोजत होती. वहिनींनी मधे दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा तो गार झाला.

त्यानंतरचे काही महिने फार चांगले गेले. दादाची उत्तरं बरोबर यायला लागली. एक मोठा रेणू जमला, मग दुसरा. तो नव्याने लेख लिहायला बसला. घाई करायची त्याला सवय नव्हती. एकेक आकडा चार वेळा तपासून मगच त्याने तो पाठवला. वहिनी म्हणायच्या, आता ताटाकडे बघतो, पण ताटात काय आहे ते अजून कळत नाही त्याला.

सातव्या महिन्यात साहेबांनी सगळ्यांना वरच्या सभागृहात बोलावलं. केंद्राच्या विकास विभागाने रसायनाच्या कामासाठी एक नवी सेवा तयार केली होती; बाहेर ती काही आठवड्यांपूर्वीच खुली झाली होती. पडद्यावर चित्र आलं. आडव्या रेघा, त्यांवर चौकोन आणि ठिपके, डावीकडून उजवीकडे जाणारी एक मांडणी. "जिथे चारशे पायऱ्या लागायच्या," साहेब चष्मा पुसत म्हणाले, "तिथे आमच्या मंडळींनी अठ्ठ्याऐंशीत काम आणलं आहे."

ती चौथ्या रांगेत बसली होती. तिसऱ्या रेघेवर एक छोटं वळण होतं, एकदा पुढे आणि मग किंचित मागे. दादा ते आधीपासून तसंच घालायचा. एका वळणात भागतं असं तिने एकदा सांगितलं होतं, तर म्हणाला होता, राहू दे, मला तसं घातल्याशिवाय नीट वाटत नाही. नव्वदातल्या दोन पायऱ्या कुणीतरी शहाणपणाने वाचवल्या होत्या, पण ते वळण तसंच राहिलं होतं. ते कशासाठी आहे हे कुणाला कळलंच नसणार, म्हणून काढायचं धाडस झालं नसेल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचेही हात वाजले, हे तिला नंतर वैद्याकडून कळलं.

ती थेट खाली गेली आणि प्रतींच्या साठ्याची नोंदवही उघडली. दादाच्या प्रोग्रॅमच्या प्रती एकसष्ट वेळा उघडल्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या दोन, कुणाच्या पाच. प्रत्येक वेळी उघडणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव होतं, चाळणीच्या खात्याचं. म्हणजे तिचं.

वैद्य तिच्या खांद्यावरून वाचत होता. "ज्या संगणकावरून उघडलं तो वरच्या मजल्यावरचा आहे," तो हळूच म्हणाला. "विकास विभागाचा. पण किल्ली तुमची आहे, ताई."

साहेबांनी तिला बसायला सांगितलं. तिने नोंदवहीचं छापील पत्रक त्यांच्यासमोर टाकलं. त्यांनी ते वाचलंही नाही.

"सेवा सुधारण्यासाठी प्रती पाहता येतील," ते म्हणाले. "सही तुमची आहे, बाई. आमच्या मंडळींनी अनेकांच्या प्रती पाहिल्या, त्यातून शिकले, आणि सेवा सुधारली. यात चोरी कुठे आली?"

"ती माझ्या भावाची मांडणी आहे. जशीच्या तशी."

"जशीच्या तशी कशी? त्यांच्या नव्वद, आमच्या अठ्ठ्याऐंशी." मग थोडं पुढे झुकून, अगदी समजुतीने, "हे बघा, तुमच्या बंधूंचे आभार आपण मानू. पुस्तिकेत शेवटच्या पानावर त्यांचं नाव टाकू. त्यांनाही बरं वाटेल."

तिने आजवर बाहेरून येणाऱ्या प्रत्येकावर डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता. घरातल्या, म्हणजे केंद्रातल्याच, माणसांना अडवायला तिने एक ओळसुद्धा लिहिली नव्हती.

दादाकडे जाताना ती मनात वाक्यं जुळवत होती. पण तिथे पोहोचली तर दादाला आधीच कळलं होतं. त्याचा लेख त्याच सकाळी परत आला होता. परीक्षकाने लिहिलं होतं, ही पद्धत आता सर्वांना उपलब्ध आहे, लेखकाने तिचा उल्लेखही न करणं खेदजनक आहे.

"म्हणजे मीच चोर," दादा म्हणाला.

तिने सगळं सांगितलं. नव्वद दिवस, ते वाक्य, बंद पाकीट. काही लपवलं नाही. दादा ऐकत होता. वहिनी दारात उभ्या होत्या.

"हे तुला तेव्हा माहीत होतं?" दादाने विचारलं. "मी त्या पायऱ्या काढत होतो तेव्हा?"

"प्रती ठेवतात हे माहीत होतं."

"आणि तू शेजारी बसून मोजत होतीस."

वहिनी पुढे आल्या. "आता तिला बोलून काय होणारे?" त्या दादाला म्हणाल्या, पण तिच्याकडे बघितलं नाही.

ती तक्रार करायला निघाली तेव्हा वैद्याने तिला बजावलं होतं की किल्ली कुणाची होती हे आधी विचारतील. तरी तिने तक्रार केली. असल्या केंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याकडे पत्र गेलं, तिघांची समिती बसली. एक निवृत्त न्यायाधीश बाई अध्यक्ष, दोन तज्ज्ञ. लांबट खोलीत एका बाजूला केंद्राची माणसं, दुसऱ्या बाजूला ती, आणि मधल्या खुर्चीवर साक्षीसाठी दादा. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, परीक्षेला आल्यासारखा.

"तुमची मांडणी केंद्राबाहेर कुणी पाहिली होती?" अध्यक्ष बाईंनी विचारलं.

"माझ्या बहिणीने."

"पूर्ण?"

"पूर्ण. आमच्या जेवणाच्या टेबलावर. अनेकदा."

"मांडणी झाकण्यासाठी तुम्ही खोट्या पायऱ्या घालत होता, असं कागदांत आहे. त्या काढायला कुणी सांगितलं?"

खोटं बोलायची वेळ आली तर ती कशी निभवायची हे त्याला कधी जमलंच नव्हतं. विद्यार्थ्याला एक गुणही फुकट न देणारा माणूस तो.

"तिनेच," तो म्हणाला. मग घाईने, "पण तिने चोरी केलेली नाही. ती तसं करणार नाही."

"तुम्हाला हे माहीत आहे, की तसं वाटतं?"

तिने दादाकडे पाहिलं. एक शब्द, दादा. माहीत आहे म्हण.

"वाटतं," दादा म्हणाला.

"काही पुरावा?"

"नाही."

वैद्याने वरच्या मजल्यावरच्या संगणकाचं सांगितलं. केंद्राच्या वकिलाने म्हटलं, त्या संगणकावर कुणीही बसू शकतं, या बाईसुद्धा. परवलीचा शब्द दिल्याची पोच तिने घेतली नव्हती. पाकीट मिळालंच नाही, असं साहेबांच्या कार्यालयाने लिहून दिलं होतं. साहेब शेवटपर्यंत तिच्याबद्दल चांगलंच बोलले. फार मेहनती बाई, म्हणाले, भावावर फार जीव.

निकाल पाच पानांचा आला. विकास विभागाने स्वतंत्रपणे काम केलं नाही असं सिद्ध होत नाही. जबाबदार अधिकाऱ्याने स्वतःच्या नातेवाइकाचं काम तपासताना पदाचं भान ठेवलं नाही; खात्याची किल्ली सांभाळली नाही; ग्राहकाला त्याचं संरक्षण काढून टाकायला भाग पाडलं. शेवटी एक शिफारस होती. असे वाद पुन्हा उद्भवल्यास पुरावा हाताशी असावा, म्हणून प्रती नव्वद दिवसांऐवजी वर्षभर ठेवाव्यात.

रिकाम्या रांगेबद्दल तिने तक्रारीत दोन पानं लिहिली होती. निकालात त्या रांगेचा उल्लेख नव्हता.

तिला काढलं नाही. राजीनामा द्या म्हणाले, आणि तिने दिला. टेबल आवरत असताना वैद्य वर आला, हातात तिचा पाण्याचा तांब्या. तो तळघरात राहिला होता. "मी पण जाईन म्हणतो," तो म्हणाला. तो गेला नाही, आणि तिने ते मनावरही घेतलं नाही. पिंपाला कुणीतरी लागतंच. आता ती एका बस आगारात तिकिटांच्या यंत्रांची देखभाल करते. तिथले लोक तिला मॅडम म्हणतात. कामात चूक नसते. फक्त कुठल्याही कागदावर सही करायची वेळ आली की ती तो घरी घेऊन जाते आणि दोन दिवस परत देत नाही, याचा तिथल्या कारकुनाला भारी वैताग आहे.

दादाशी भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं, असं तिला कित्येकदा वाटलं. लहानपणी दोघं कडाकडा भांडायची आणि मोकळी व्हायची. आता दादा फोन उचलायचा, तब्येत विचारायचा, हवा कशी आहे ते सांगायचा. दोन महिने तिने जायचं टाळलं. मग वहिनींचाच फोन आला, "तुला बोलवायला आता काय पत्रिका पाठवू?" तेव्हा ती गेली.

रविवारची सकाळ होती. दार वहिनींनी उघडलं. त्यांचा गुडघा सुजला होता, धरून धरून चालत होत्या. आत दादा टेबलाशी बसून लिहीत होता. कॉलेजच्या साध्या संगणकावर जमेल तेवढंच करायचं, असं त्याने ठरवलं असावं. समोर लहान रेणूंची कोष्टकं होती आणि एका मोठ्या कागदावर काहीतरी नवीन, आडव्या रेघांचं.

ती आत आली तशी त्याने तो कागद उलटा केला.

रागाने नाही. डोळेही त्याने अजून वर केले नव्हते. दार वाजलं, पावलं आली, आणि हात आपोआप गेला. मग त्याने वर पाहिलं, ती दिसली, आणि आपण काय केलं हे त्याला कळलं. तिलाही कळलं होतं. दादाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने कागद पुन्हा सुलटा केला, तिला दिसेल असा, जरा पुढेच सरकवला. ते तिला जास्त लागलं.

"बस ना," तो म्हणाला.

ती समोरच्या खुर्चीवर बसली. बसताना खुर्ची थोडी तिरकी करून घेतली, म्हणजे कागद नजरेत येणार नाही.

"गुडघा दाखवला का वहिनींनी?" तिने विचारलं.

"दाखवला. डॉक्टर म्हणतात, जिने चढू नका."

"तिसऱ्या मजल्यावर राहून?"

"तेच तर," दादा म्हणाला. मग दोघंही वहिनींच्या गुडघ्याबद्दल बराच वेळ बोलत राहिली.